पोटाचा कॅन्सर वाढतो आणि पसरतो कसा? मायक्रोआरएनएचा त्यात काय रोल आहे?

जेवल्यावर पोट जड वाटतं, जळजळ होते. 'पित्त झालं असेल' म्हणत आपण एक गोळी घेतो आणि विषय संपतो. बहुतेक वेळा ते पित्तच असतं. पण जठराच्या, म्हणजेच पोटाच्या कॅन्सरची सुरुवातही अशाच साध्या तक्रारींनी होऊ शकते. त्यामुळे तो अनेकदा उशिरा कळतो. २०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले, तर ६ लाख ६० हजार जणांचा मृत्यू झाला.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

आपल्या डीएनएमध्ये प्रथिनं कशी बनवायची याची माहिती असते. त्या माहितीची प्रत म्हणजे मेसेंजर आरएनए. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा छोटासा तुकडा असतो. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. तो त्या प्रतीला चिकटतो आणि प्रथिन बनणं कमी करतो किंवा थांबवतो. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका इवल्याशा कृमीवर केलेलं हे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यासाठी त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

कॅन्सरमध्ये काय बिघडतं?

काही मायक्रोआरएनए प्रमाणाबाहेर वाढतात, तर काही कमी होतात.

'मिआर-२१' वाढला की पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारं 'पीटेन' हे प्रथिन कमी पडतं. ब्रेक सैल झाला की पेशी वाढतच जातात.

'मिआर-२००' गटाचं काम उलटं आहे. शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं 'ई-कॅडहेरिन' हे प्रथिन टिकायला तो मदत करतो. तो कमी झाला की पेशींची पकड सुटते आणि कॅन्सर इतर अवयवांकडे पसरण्याचा धोका वाढतो.

या कॅन्सरचं मोठं कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणूही जठरातल्या मायक्रोआरएनएचं प्रमाण बदलतो.

याचा रुग्णांना काय उपयोग?

मायक्रोआरएनए रक्तातही सापडतात. सिंगापूरमध्ये १२ मायक्रोआरएनए मोजणारी रक्ततपासणी तयार झाली आहे. पण तिच्यातून फक्त धोका किती आहे हे समजतं. कॅन्सर आहे की नाही, हे एंडोस्कोपी आणि बायोप्सीवरूनच ठरतं.

उपचारांची वाट मात्र अजून लांब आहे. 'मिआर-३४' वर आधारित औषधाची वेगवेगळ्या कॅन्सरच्या रुग्णांवर सुरू असलेली चाचणी गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर परिणाम करतो, हीच यातली मोठी अडचण आहे.

तोपर्यंत काय लक्षात ठेवायचं?

वजन विनाकारण घटणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, गिळताना त्रास, काळी शौच किंवा उलटीतून रक्त येणं ही लक्षणं अंगावर काढू नका. पित्ताच्या तक्रारी काही आठवडे थांबत नसतील, तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.