घशाची वाट छातीतून

सकाळी सव्वासात. चहा तसाच टाकून निघालो. बार्शीकडच्या काकांचा घोळणा पहाटेपासून फुटलेला. घरच्यांनी कांदा हुंगवला, मान मागे धरली. त्यामुळे निम्मं रक्त पोटात गेलेलं. त्यांना पुढे वाकवून बसवलं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत दाबून ठेवला. धार थांबली, पण ठिपकत राहिलं, म्हणून आत पट्टी भरली.

काकांच्या हृदयाला धातूची झडप आहे, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर ५.८ निघाला, त्यांना तीनच्या आसपास हवा. खोदून विचारल्यावर कळलं, दाढेसाठी आठवडाभर मेट्रोनिडॅझोल चालू होतं. त्यानं या गोळीचा जोर वाढतो. मुलगा म्हणाला, "ही गोळीच बंद करून टाकतो, साहेब." त्याला खाली बसवून समजावलं. मनानं गोळी सोडली तर झडपेवर गुठळी धरेल, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. आजची गोळी थांबवायची, काकांना दाखल ठेवायचं, उद्या पुन्हा रक्त बघायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं.

दहा ते साडेअकरा ओपीडी. मळ, फुटलेले कान, सर्दी.

पावणेबारा. पन्नाशीच्या मावशी, दोन महिने घसा बसलेला. गुळण्या, काढे, दोनदा अँटिबायोटिक, सगळं झालेलं. दुर्बिणीतून पाहिलं तर डावा स्वरतंतू हलतच नव्हता.

"मावशी, जिना चढताना दम लागतो?"

"लागतो की. उताणं निजवतबी नाही."

या स्वरतंतूची नस मला दर वेळी थक्क करते. उजवीकडची मानेच्या तळाशीच वळते. डावी मात्र छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा घशाकडे चढते. हृदयाचा डावा कप्पा फुगला की वाटेत ती चेपते. ऑर्टनर यांनी हे १८९७ मध्येच लिहून ठेवलंय. गाठ नाही ना, यासाठी छातीचा सीटी सांगितलाच, पण स्टेथोस्कोप लावल्यावर घरघर स्पष्ट ऐकू आली. दुपारी इको आला: मायट्रल झडप आवळलेली. लहानपणी सांधे सुजायचे, हे मावशींना तेव्हा आठवलं.

तीन वाजता जन्मतः न ऐकणारी अडीच वर्षांची मुलगी. "कानाचं दुखणं, मग छातीला वायरी कशाला?" आईनं विचारलं. अशा काही मुलांच्या हृदयाचे ठोके रडता-धावताना एकदम बिघडतात, मूल कोसळतं आणि घरचे त्याला फिट समजतात. १९५७ मध्ये जर्व्हेल आणि लांगे-नील्सन यांनी नॉर्वेतल्या एका कुटुंबात हे पाहिलं. असं मूल क्वचितच निघेल, पण कॉक्लिअर इम्प्लांटच्या भुलीआधी ते कळायला हवं. ईसीजीची ती एक पट्टी मी कुणाचीच चुकवत नाही. आजची चांगली निघाली.

संध्याकाळी सात. अकरा वर्षांचा मुलगा, टॉन्सिलसाठी आलेला. मागच्या वर्षी याला संधिवाताचा ताप येऊन गेलाय, हृदयालाही थोडी सूज होती. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई ठरलेली, ती दोनदा चुकली. "घसा दुखत नव्हता, म्हटलं कशाला रडवा पोराला," वडील म्हणाले. मला मावशींचा दुपारचा इको आठवत होता. टॉन्सिलचं नंतर बघू म्हटलं. सुई आजच दिली आणि पुढची तारीख मुलाच्याच हातानं त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.