नेव्हीतून काढलं म्हणजे पेन्शन गेलीच का? ऑर्डरमधला एक शब्द ठरवतो सगळं

कोकणात नेव्ही नवी नाही. गावागणिक एखादं तरी घर असं सापडतं, जिथल्या भिंतीवर पांढऱ्या गणवेशातला फोटो आहे. मालवणात ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन झाला तेव्हा तर तालुक्यातली शाळकरी मुलंही युद्धनौकांची नावं सांगू लागली होती. पण याच घरांपैकी एखाद्यावर कधी वेगळीच वेळ येते. अधिकाऱ्यावर कारवाई होते, नोकरी जाते आणि गावात बोललं जातं, 'पेन्शनही बुडाली म्हणे.' बुडते की नाही, हे इतकं सरळ नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'काढून टाकलं' असं मराठीत आपण सरसकट म्हणतो. नौदलाच्या कागदावर मात्र त्याचे चार-पाच वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा पेन्शनवर होणारा परिणाम वेगळा. नौदलाचा कायदा १९५७ चा आहे. त्यात कोर्ट मार्शलने द्यायच्या शिक्षांची उतरती यादी आहे. फाशी आणि कैदेनंतर लगेच येते ती 'डिसमिसल विथ डिसग्रेस', म्हणजे बेअब्रू करून बडतर्फी. ही सर्वांत जड. तिच्यासोबत थकलेला पगार, भत्ते, पेन्शन, ग्रॅच्युइटी, इतकंच काय पदकंही जप्त होतात आणि सरकारी नोकरीचं दार पुन्हा उघडत नाही. इथे वाद घालायला जागा उरते ती फक्त शिक्षेवरच.

त्याखाली साधी 'डिसमिसल' आहे. वाचताना दोन्ही सारख्याच वाटतात, पण 'विथ डिसग्रेस' हे शब्द नसले तर पेन्शन आपोआप जप्त होत नाही. कोर्ट मार्शल पेन्शन जप्तीची शिक्षा स्वतंत्रपणे देऊ शकतं, किंवा नाही देऊ शकत. याच यादीत आणखी खाली 'डिसमिसल फ्रॉम शिप' आहे. म्हणजे त्या जहाजावरून उतरवलं, नोकरी शाबूत. जहाज खडकाला घासलं, आग लागली, कॅप्टनला हटवलं अशी बातमी येते तेव्हा अनेकदा एवढंच झालेलं असतं. त्याची पेन्शन गेली असं समजणारे चुकतात.

मग साध्या बडतर्फीत पेन्शन मिळते का? लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत याचं उत्तर दिलेलं आहे. बडतर्फ केलेल्या किंवा सेवेतून काढलेल्या अधिकाऱ्याला राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार, मर्जीनुसार पेन्शन देऊ शकतात. रक्कम त्याच दिवशी तो रीतसर निवृत्त झाला असता तर मिळाली असती त्याहून जास्त नाही, कमी मात्र असू शकते. नौदलाची नियमावली वेगळी, १९६४ ची, पण तिथेही शेवटचा शब्द सरकारचाच. 'देऊ शकतात' आणि 'देतील' यात किती अंतर असतं, हे सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्यांना सांगायला नको.

कोर्ट मार्शलने पेन्शन जप्त केली नाही, तर सरकारला ती रोखता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रकरणात २००१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की हो, रोखता येते. शिक्षा देणं ही एक गोष्ट, पेन्शन द्यायची की नाही हा वेगळा निर्णय. त्यामुळे एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा झाली असं म्हणता येणार नाही. पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या सेवेचं देणं आहे, असं याच न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा निकालात म्हटलं होतं. म्हणून तर तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पण बडतर्फ माणसाला तो निकाल दाखवून फारसं काही हाती लागत नाही.

कोर्ट मार्शल न होताही नोकरी जाऊ शकते. सैन्यातला प्रत्येक जण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो. साध्या सरकारी नोकराला चौकशीचं जे घटनात्मक संरक्षण आहे, कलम ३११ चं, ते फौजी माणसाला नाही. २००५ मध्ये नौदलाच्या वॉर रूममधली माहिती फुटल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा तीन अधिकाऱ्यांना असंच थेट घरी पाठवलं होतं. याउलट २०१४ मध्ये 'सिंधुरत्न' पाणबुडीत आग लागली, तेव्हा नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ती शिक्षा नव्हती. पुढे ते अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. पद दोन्हीकडे गेलं, पण कागद निराळे.

वर्षांचा हिशोबही बघावा लागतो. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण २० वर्षं सेवा लागते, नौसैनिकाला १५. ती भरलीच नसतील तर कारवाई झाली काय नि नाही काय, पूर्ण पेन्शनचा प्रश्नच येत नाही.

घरच्यांना खरा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो. गैरवर्तनामुळे काढलेला माणूस 'माजी सैनिक' या व्याख्येत बसत नाही. मग ईसीएचएसचं कार्ड नाही, नोकरीतलं माजी सैनिकांचं आरक्षण नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना नाहीत. पेन्शनच नसेल तर त्याच्या पश्चात बायकोला फॅमिली पेन्शन मिळणंही मुश्कील. गुन्हा एकाचा आणि म्हातारपणाची काळजी घरातल्या बाईला, हे नियम लिहिणाऱ्यांच्या मनात कितपत होतं कोण जाणे. प्रॉव्हिडंट फंड मात्र वेगळा. तो स्वतःच्या पगारातून कापलेला पैसा आहे, पेन्शन नव्हे. पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं म्हणून फंडाचा अर्जही न करणं ही चूक होईल.

मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सिव्हिलियन म्हणून लागलेल्यांना यातलं काहीच लागू नाही, तेही आपल्याकडे बरेच आहेत. २००४ पूर्वी लागलेल्यांसाठी केंद्राचे नागरी पेन्शन नियम. त्यात बडतर्फीने पेन्शन आणि ग्रॅच्युइटी दोन्ही जातात, पण विशेष बाब म्हणून पेन्शनच्या दोन-तृतीयांशपर्यंत दयाभत्ता मंजूर होऊ शकतो. सक्तीची निवृत्ती दिली असेल तर स्थिती पुष्कळ बरी.

तेव्हा घरी ऑर्डर आली की ती आधी नीट वाचून घ्यावी, इंग्रजी येत नसेल तर वकिलाकडून. डिसमिस्ड, विथ डिसग्रेस, रिमूव्हड, डिस्चार्ज्ड, की कंपल्सरी रिटायर्ड, नेमका शब्द कोणता ते बघावं. शेवटच्या आदेशाविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अर्जाची मुदत सहा महिने. मुदत टळल्यावर उशीर माफ करा म्हणून विनंती करता येते, पण उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. 'कुणी सांगितलंच नाही' हे कारण तिथे क्वचितच चालतं.