टॉवरचा रंग: शेड कार्डवरचा आणि आभाळाखालचा

‘शेड कार्डवर पसंत केला तोच रंग इमारतीवर दिसणार’ हा समज नव्या टॉवरच्या बाबतीत सर्वांत महागात पडतो. बोटभर चौकोनात सौम्य वाटणारा पिवळा वीस मजली भिंतीवर, भर उन्हात, भडक होऊन बसतो. कारिन फ्रिडेल आंतेर या स्वीडिश संशोधक. दर्शनी भिंतीवरचा रंग नमुन्यापेक्षा उजळ आणि बहुधा अधिक तीव्र दिसतो, असे त्यांनी २००० सालच्या प्रबंधात प्रत्यक्ष निरीक्षणांतून दाखवले. म्हणून मनात असलेल्या छटेपेक्षा जरा मळकट, करड्याकडे झुकणारी छटा निवडावी. त्याआधी मजलाभर उंचीचा पट्टा भिंतीवरच रंगवून घ्यावा. एक दक्षिणेला, एक उत्तरेला. दोन्ही सकाळी, दुपारी आणि ढगाळ दिवशी, रस्त्यापलीकडून पाहावेत. कंत्राटदार कुरकुरला तरी हा हट्ट सोडू नये.

लांबून मात्र उलट घडते. मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प रंगाची धार बोथट करतात. थंडीतल्या धुरकट सकाळी ठाण्याचे किंवा मुलुंडचे टॉवर हायवेवरून पाहा. लाल कुठला, हिरवा कुठला, हे सांगणे कठीण. बारीक पट्टे तर एकमेकांत मिसळून जातात. दुरून उरतो तो फक्त उजेड-अंधाराचा फरक.

हा फरक रंगाच्या डब्यातून फारसा येत नाही, आणि इथेच दुसरा मोठा गैरसमज आहे: सपाट भिंतीवर दोन-तीन रंगांचे चौकोन काढले की एलिव्हेशनला उठाव येतो. आपल्याकडच्या उन्हात उठाव देते ती सावली. चार्ल्स कोरिया यांची मुंबईत कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण झालेली ‘कांचनजंगा’ पाहावी. बाहेरच्या भिंती शांत, फिकट. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरून काढलेल्या, आणि ठसठशीत रंग आहेत ते त्या गच्च्यांच्या आत. तिथे ऊन-पाऊस थेट झोडपत नाही, म्हणून तो रंग तगण्याची शक्यताही जास्त. भिंतीला फूटभरसुद्धा खोली न देता रंगाकडून तेच काम करून घेण्याची अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

उभ्या पट्ट्यांनी इमारत उंच दिसते, असेही ठामपणे सांगितले जाते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते की, दोन सारख्या चौरसांपैकी आडव्या रेघांचा चौरस उंच भासतो आणि उभ्या रेघांचा रुंद. कागदावरचा नियम टॉवरला जसाच्या तसा लागू होत नाही, पण डोळे मिटून उभा पट्टा ओढण्याला आधार नाही, एवढे नक्की. जिन्याचा किंवा लिफ्टचा पुढे आलेला भाग वेगळ्या रंगात घेतला तर शोभतो. सपाट भिंतीवर नुसता ओढलेला पट्टा चिकटवल्यासारखा दिसतो.

सध्या करडा रंग ‘आधुनिक’ म्हणून सर्रास दिला जातो. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत आभाळच करडे असते; त्यापुढे करडी इमारत विझून जाते. राजाबाई टॉवरचा पिवळसर कुर्ला दगड १८७८ पासून त्याच आभाळाखाली उभा आहे आणि भर पावसातही उबदार दिसतो. बिल्डरांनी इकडे पाहायला हवे.

‘गडद रंगावर मळ दिसत नाही’ हेही खरे नाही. फिकट भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ दिसतात, तर गडद भिंतीवर बाहेर फुटलेल्या क्षारांचे पांढरे चट्टे. शिवाय गडद भिंत जास्त तापते, जास्त प्रसरण पावते आणि प्लॅस्टरला केसासारख्या भेगा पडायचा धोका वाढतो. ओघळ थांबवायचे तर खिडकीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आणि खालून पाणी तोडणारी खाच हवी. महागातला पेंट हे काम करू शकत नाही.

टिकण्याचे म्हणाल, तर लोहाच्या ऑक्साइडपासून बनणारे गेरू, पिवळी माती, तपकिरी हे रंग उन्हाला दाद देत नाहीत; अनेक झगझगीत लाल-पिवळे सेंद्रिय रंग मात्र उडतात. उडालेल्या रंगावर नंतर केलेली डागडुजी वेगळी उठून दिसते आणि पंचविसाव्या मजल्यावर पुन्हा झुला बांधणे खर्चिक. तेव्हा झगझगीत रंगाची हौस असेल, तर ती प्रवेशद्वारापाशी किंवा गॅलरीच्या आतल्या भिंतीवर, शिडीने हात पोचेल तिथे पुरवावी.