हाडांतला कुलवृत्तान्त

गेल्या पावसाळ्यात आमच्या नानांनी माझ्यापुढे छापील कागदांची एक चळत आणून टाकली. आमच्या कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ती निघायची होती. मी पडलो मराठीचा प्राध्यापक, तेव्हा मुद्रिते तपासण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. उठता उठता नाना म्हणाले, "आणि हे बघ, तुझ्या त्या पुतणीची नोंद मी काढून टाकली आहे. परजातीत लग्न केलं तिनं. कुळाची शुद्धता म्हणून काही आहे की नाही?"

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये, असे मला आईने शिकवले आहे. मी गप्प बसलो आणि कागद चाळू लागलो. पहिल्याच शाखेत माझ्या पणजीचे नाव लागले. 'माहेर' या शब्दापुढे नुसती एक आडवी रेघ. जिने आमच्या आजोबांसकट सात मुले वाढवली, ती बाई आली कोठून, हे कुळाला ठाऊक नाही!

योगायोग असा की त्याच सुमारास मी एक निराळाच कुलवृत्तान्त वाचत होतो. तो सुमारे चौपन्न हजार वर्षांपूर्वीचा आहे. तो कागदावर नाही, हाडांत आहे. आणि त्यात शोध लागला आहे तो नेमका बाहेरून आलेल्या बायकांचा!

हे कूळ निअँडरथल मानवाचे. १८५६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या एका दरीत चुनखडीच्या खाणीवरच्या मजुरांना गुहेत काही हाडे सापडली. अस्वलाची असावीत म्हणून ती बाजूला ठेवली गेली. फुलरॉट नावाच्या एका शाळामास्तराने ती पाहिली आणि ही माणसाची, पण आपल्यासारख्या माणसाची नव्हेत, हे ओळखले. विद्वानांना ते पटेना. एकाने तर हा मुडदूस झालेला कोसॅक घोडेस्वार असावा असे ठरवून टाकले! दरीचे नाव निअँडर. ते पडले सतराव्या शतकातल्या एका भक्तिगीतकाराच्या आडनावावरून, आणि त्या आडनावाचा ग्रीकमध्ये अर्थ होतो 'नवा माणूस'. नव्या माणसाच्या दरीत असा जुना माणूस सापडावा, हा शब्दांचा खेळ आमच्यासारख्यांना गुदगुल्या करणाराच आहे.

पुढे शंभरावर वर्षे या माणसाची ओळख कवटीच्या मापांवरून आणि दगडी हत्यारांवरून व्हायची. हाडांच्या आत शिल्लक असलेला मजकूर वाचता येईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते वेड घेतले स्वांते पेबो या स्वीडिश तरुणाने. त्याला आधी इजिप्तच्या ममींचा नाद होता. मेलेल्या पेशींत डीएनए टिकतो का, हे पाहण्यासाठी त्याने बाजारातून वासराचे यकृत आणले आणि प्रयोगशाळेतल्या भट्टीत गुपचूप वाळत घातले. वास सुटला, गुपित फुटले. पण डीएनए टिकतो हे सिद्ध झाले. १९८५ साली त्याने ममीतला डीएनए वाचल्याचे जाहीर केले आणि तो प्रसिद्धीस आला.

यापुढची हकिकत जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यास चटकन समजेल. पोथी हाती येते ती कसर लागलेली, पाने सुटलेली. शिवाय कोणा वाचकाने समासात आपली ओवी लिहिलेली असते आणि पुढचा लेखनिक ती मूळ ग्रंथात घुसडतो. हाडांचेही तसेच. त्यांतला डीएनए तुकडे-तुकडे झालेला असतो. त्यातला बहुतेक भाग हाडांत शिरलेल्या जंतूंचाच असतो. आणि हाड हाताळणाऱ्या माणसाचा स्वतःचा डीएनए हा तर सर्वांत लबाड प्रक्षेप! पेबोंच्या त्या गाजलेल्या ममीतला मजकूरही बहुधा असाच आजच्या माणसाचा होता, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. मला या माणसाविषयी आदर वाटू लागला तो येथे.

मग अस्सल ओळखायचे कसे? कसरीच्या खुणांवरून! डीएनएची लिपी चार अक्षरांची. काळाच्या ओघात तुकड्यांच्या टोकांना 'सी' हे अक्षर झिजते आणि वाचताना 'टी' असे दिसते. ही झीज ताज्या डीएनएत नसते. म्हणजे जो दोष, तोच जुनेपणाचा दाखला. धूळ येऊ नये अशा बंद खोल्यांत, नखशिखान्त झाकून घेऊन, हाडाची चिमूटभर पूड काढायची आणि हे तुकडे जुळवत बसायचे. १९९७ साली निअँडर दरीतल्या त्या पहिल्याच हाडातून जेमतेम पावणेचारशे अक्षरे हाती लागली. २०१० साली लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोएशियातल्या विंदिया गुहेतील तीन स्त्रियांच्या हाडांवरून सगळ्या ग्रंथाचा कच्चा खर्डा सिद्ध केला. २०२२ साली पेबोंना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच महिन्यात जो निबंध प्रसिद्ध झाला, तो माझ्यापुढचा कुलवृत्तान्त. रशियात, दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात चागिर्स्काया नावाची गुहा आहे. नदीखोऱ्यांतून जाणारे गवे, घोडे आणि डोंगरी बोकड मारून खाणारे लोक तेथे राहात. तेथल्या अकरा आणि जवळच्या दुसऱ्या गुहेतल्या दोन, अशा तेरा जणांचा डीएनए वाचला गेला. सात पुरुष, सहा स्त्रिया. आठ मोठी माणसे आणि पाच मुले. त्यांत एक बाप आणि त्याची वयात येऊ घातलेली लेक निघाली! एक मुलगा आणि त्याच्या नात्यातली एक बाई निघाली. ती आत्या, मावशी की आजी, हे मात्र हाड सांगत नाही. आजवर आपण 'निअँडरथल' म्हणत होतो तो एक जातिवाचक शब्द होता. येथे प्रथमच एक बिऱ्हाड दिसले.

खरे नवल पुढेच आहे. बापाकडून मुलाकडे जाते ते वाय गुणसूत्र. आईकडून सर्व मुलांकडे जातो तो पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए. पण तो पुढे नेतात फक्त मुली. या गुहेत बापांकडची अक्षरे जवळजवळ एकसारखी निघाली आणि आयांकडची मात्र पुष्कळ निरनिराळी. याचा अर्थ, पुरुष जागच्या जागी राहिले आणि बायका दुसऱ्या टोळ्यांतून आल्या. शंभरात साठ किंवा अधिक बायका अशा आल्या असाव्यात, असा संशोधकांचा हिशेब आहे. टोळी जेमतेम दहा-वीस माणसांची. म्हणजे प्रत्येक बाई कोठले तरी खोरे ओलांडून, मागे वळून पाहात आलेली. आणि ती बापाशेजारची लेक? कदाचित अजून जायची होती.

या बायका आल्या नसत्या तर? त्याचेही उत्तर हाडांत आहे. या लोकांतले वैविध्य इतके तुटपुंजे होते, की आज नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या कळपांत ते आढळावे. अल्ताईतच देनिसोव्हा गुहेत सापडलेल्या, याहून जुन्या काळच्या एका स्त्रीचे आईबाप सावत्र भावंडांइतक्या जवळच्या रक्ताचे होते. फ्रान्समध्ये सापडलेल्या एका पुरुषाच्या कुळाचा तर सुमारे पन्नास हजार वर्षे इतर निअँडरथलांशी रक्तसंबंध आला नव्हता, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. नाना ज्याला शुद्धता म्हणतात, ती याहून अधिक कोणत्या कुळात असणार? ते लोक का संपले याची कारणे अनेक असतील; परंतु हे काही बळकटीचे लक्षण नव्हे.

उलट त्याच देनिसोव्हा गुहेत सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीच्या हाडाचा तुकडा मिळाला. आई निअँडरथल, बाप देनिसोव्हन या अगदी वेगळ्या मानवाचा! आपल्या पूर्वजांनीही तेच केले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत आजही शेकडा एक-दोन भाग निअँडरथलांचा आहे. वारशात दागिने येतात तसे कर्जही येते. कोविडची बाधा गंभीर करणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा त्यांच्याकडूनच आल्याचे २०२० साली उघड झाले; दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत तो आहे. आणि या आजाराची तीव्रता कमी करणारा बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा तुकडा, तोही त्यांचाच.

आठ दिवसांनी नाना आले तेव्हा हे सारे मी त्यांना सांगितले. २०२१ साली ते स्वतः बारा दिवस प्राणवायूवर होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या कुळात राक्षस होते म्हणतोस?"

"राक्षस नव्हेत नाना, व्याही!"

ते हसले नाहीत. कागद उचलून चालते झाले. पण शेवटची मुद्रिते आली तेव्हा पुतणीची नोंद जागच्या जागी होती. जावयाचे नाव नानांच्या हस्ताक्षरात घातलेले, तेही ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांसह. मी त्या आनंदाने दुरुस्त केल्या.

पणजीच्या नावापुढची रेघ मात्र तशीच राहिली. ती पुसण्यासारखा कागद माझ्यापाशी नाही. पण तिला चार मुली होत्या. त्या सासरी गेल्या आणि आमच्या पुस्तकातून निघून गेल्या. त्यांच्या लेकींच्या लेकी आज कोठे कोठे नांदत असतील. पणजीचे माहेर त्यांच्यापाशी आहे.