कार्यालयाचे जाळे आणि वेशीवरचा सर्व्हर



फुलचूरच्या एखाद्या ऑफिसात चार संगणक तारेने जोडले की त्यांचे खाजगी जाळे झाले. त्यांचे नंबर बहुधा १९२.१६८ असे सुरू होतात. घरातल्या लाडक्या नावासारखे ते बाहेर चालत नाहीत. म्हणून वेशीवर सर्व्हर बसवतात. तो आपल्या नंबरावर मागणी बाहेर धाडतो, कोणी मागितले ते टिपून ठेवतो आणि आलेले उत्तर त्यालाच पोचवतो. न मागता आलेले दारातच अडवता येते.

वारणानगरला १९९८ साली सुरू झालेल्या योजनेत गावोगावची केंद्रे साखर कारखान्याशी जोडली गेली. उसाची नोंद, तोडणी, वजन सभासदाला गावातच कळू लागले. सोय मोठी, पण त्याच वाटेने बिलाचा हिशेबही जातो. तेव्हा हिशेबाचा संगणक थेट बाहेर जोडू नये. दार एकच ठेवावे, अन् त्याला राखण हवीच!