रणांगणावरचा कावळा

कावळा म्हटला की आपल्याला मेसच्या खिडकीतून पोळी पळवणारा भुरटा चोर आठवतो. पण मित्रांनो, जुन्या आयरिश कथांमध्ये लढाईच्या वेळी डोक्यावर कावळा घिरट्या घालू लागला, की भल्याभल्या योद्ध्यांच्या पोटात गोळा येतो. कारण तो कावळा म्हणजे साक्षात युद्धाची देवी असू शकते!

मॉरिगन, बाइव्ह, माखा आणि नेमान ही या देवींची नावं. कधी त्या बहिणी असतात, तर कधी एकीच्या नावाने दुसरीच वावरते. ‘बाइव्ह’ या शब्दाचा आयरिश भाषेत अर्थच मुळी कावळा. तिथला हा कावळा आपल्या गावकावळ्याचा चुलतभाऊ. डोकं, पंख, शेपटी काळी आणि बाकी अंग राखाडी. त्याहून मोठा, पूर्ण काळा रेव्हन हाही या देवींचाच पक्षी.

आता कावळाच का? उत्तर सोपं आहे, पण जरा भयंकर. हे दोन्ही पक्षी मेलेलं मांस खातात. लढाई संपली की प्रेतांवर उतरायला ते हजर. लढाईत तुटून पडलेल्या मुंडक्यांना तर जुन्या आयरिशमध्ये ‘माखाचा रानमेवा’ अशा अर्थाचा शब्द आहे!

या देवींचं मुख्य शस्त्र म्हणजे भीती. ‘कूलीच्या गुरांची लूट’ या प्रसिद्ध कथेत देवीच्या नुसत्या आरोळीने शंभर योद्धे घाबरून मरतात.

मला सगळ्यात भिडला तो मात्र कू खुलिन या वीराचा शेवट. बाराव्या शतकातल्या ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ या हस्तलिखितात तो आहे. मॉरिगनला त्याने पूर्वी झिडकारलेलं, दोघांची झटापटही झालेली. तरी त्याने शेवटच्या लढाईला जाऊ नये म्हणून आदल्या रात्री तिनेच त्याचा रथ मोडून ठेवला. तो गेलाच. जबर जखमी झाल्यावर, मरण उभ्यानेच यावं म्हणून त्याने कमरपट्ट्याने स्वतःला एका उभ्या दगडाला बांधून घेतलं. शत्रू जवळ जायला धजेनात. खांद्यावर पक्षी येऊन बसला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

हाच क्षण शिल्पकार ऑलिव्हर शेपर्ड यांनी ब्राँझमध्ये पकडला. डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस हे १९१६ च्या उठावाचं मुख्य ठाणं. तिथे १९३५ मध्ये हा पुतळा उठावाचं स्मारक म्हणून बसवला गेला. स्मारक वीरांचं, पण खांद्यावर पक्षी आहेच.

मला यात त्या लोकांचा प्रामाणिकपणा दिसतो. त्यांनी युद्धाच्या देवीला लढाईनंतर येणाऱ्या पक्ष्याचं रूप दिलं. जिंकलेला कोण, हरलेला कोण, याच्याशी कावळ्याला काय देणंघेणं? तो सगळ्यांच्याच प्रेतांवर उतरतो.