देशी मद्ये, उत्तर कोकणातील

देशी मद्ये, उत्तर कोकणातील : रायगड (पूर्वीचा कुलाबा) व लगतच्या जिल्ह्यांत स्थानिक वृक्षांचा रस वा फुले आंबवून तयार होणारी मद्ये. यांचे दोन वर्ग पडतात : तालवर्गीय वृक्षांच्या रसापासून केवळ किण्वनाने (आंबण्याच्या क्रियेने) होणारी ताडी व माडी, आणि मोहाची फुले आंबवून ऊर्ध्वपातनाने काढलेली दारू. उष्ण व दमट हवेमुळे कोकण किनाऱ्यावर द्राक्षाची लागवड रुजली नाही. द्राक्षमद्यांच्या प्रदेशांत द्राक्षाला जे स्थान असते, ते येथे माड, ताड, शिंदी व मोह या वृक्षांना लाभले. या वृक्षांचे वाटप भूरचनेनुसार आहे. अलिबाग, चौल, रेवदंडा या किनारपट्टीत माडाच्या वाड्या आहेत, तर पेण, रोहे, सुधागड व कर्जत तालुक्यांच्या डोंगराळ भागांत मोह आढळतो.

ताडी व माडी : माडाच्या रसापासून होणारी ती माडी. ताड (बोरॅसस फ्लॅबेलिफर) व शिंदी (फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस) यांच्या रसाच्या मद्यास सामान्यतः ताडी म्हणतात. भेर्ली माडापासूनही (कॅरिओटा यूरेन्स) असा रस मिळतो. हा वृक्ष शेंड्याकडून खाली क्रमाने फुलोरे देतो व अखेरचा फुलोरा येऊन गेल्यावर मरतो. त्यामुळे त्याच्यापासून मिळणाऱ्या रसाचा काळ मर्यादित असतो.

माडाची न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतात, ती हलकेच ठोकून मऊ करतात आणि तिचे टोक कोयत्याने कापून खाली मडके अडकवितात. छेद ताजा राहावा म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा पातळ काप घ्यावा लागतो. काप जाड झाला तर पोय लवकर संपते, पातळ झाला तर रस अडतो. म्हणून या कामाचे कौशल्य हाताच्या अंदाजात आहे. शिंदीचा रस मात्र शेंड्याखालच्या खोडावर खाच पाडून काढतात. कोकणात हा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता.

ताज्या रसात सु. १० ते १६ टक्के शर्करा असते व ती मुख्यत्वे सुक्रोज असते. मडक्यात राहिलेल्या आधीच्या रसातील व हवेतील यीस्टमुळे किण्वन झाडावरच सुरू होते आणि काही तासांत अल्कोहॉलाचे प्रमाण सु. ४-५ टक्के होते. पुढे ॲसिटिक अम्ल तयार करणारे जंतू वाढून ताडीचा शिरका होऊ लागतो. मडक्यास आतून चुना लावल्यास किण्वन रोखले जाते व गोड नीरा मिळते. द्राक्षमद्य योग्य रीतीने साठविल्यास वर्षानुवर्षे टिकते. ग्रीसमधील रेत्सिना या मद्यात पाइनची राळ मिसळण्याची प्रथा प्राचीन आहे. ताडी मात्र एका दिवसाची असते. ती दूर पाठविता येत नाही, म्हणून तिची ख्याती गावापुरतीच राहिली.

मोहाची दारू : मोहाची (मधुका लाँगिफोलिया, कुल–सॅपोटेसी) मांसल, फिकट पिवळसर फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखालची जमीन स्वच्छ करून ती वेचतात व उन्हात सुकवितात. सुकलेल्या फुलांच्या वजनाचा सु. निम्मा वा त्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. कातकरी, ठाकूर इ. आदिवासी जमातींत ही फुले भाजून वा शिजवून खाण्याचा प्रघात होता. दारूसाठी ती पाण्यात काही दिवस आंबवून मडक्याच्या भट्टीत तापवितात व निघणारी वाफ थंड करून द्रव जमा करतात. लग्नकार्यात व देवतांच्या आणि पितरांच्या पूजेत या दारूचा नैवेद्य असतो.

निर्बंध : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढण्यासाठी प्रत्येक झाडामागे कर व परवाना आवश्यक झाला आणि घरगुती भट्ट्या बेकायदा ठरल्या. उरण येथे पारशी मालकांच्या भट्ट्यांत गुजरातकडून येणाऱ्या मोहफुलांची दारू मोठ्या प्रमाणावर निघे व तीवर शासनाला कर मिळे. या महसुलाच्या रक्षणासाठी १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच बंधने आली. मोहाचे फूल हे गरिबांचे अन्न आहे, हा या धोरणावरील मुख्य आक्षेप होता. भट्टी बंद करण्यासाठी लादलेले बंधन अशा रीतीने चुलीपर्यंत पोहोचले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानेही मोहफुलांवरील नियंत्रण चालू ठेवले.

दारूबंदीच्या काळात हातभट्टी पसरली. तीत मोहफुलांची जागा काळा गूळ व नवसागर यांनी घेतली. पुढे औद्योगिक मिथेनॉलाची भेसळ होऊ लागली. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभरांहून अधिक लोक दगावले. ताडीतही क्लोरल हायड्रेटासारख्या गुंगी आणणाऱ्या रसायनांची भेसळ आढळते. या विषबाधांचे कारण मूळ वृक्षरस वा फूल नसून त्यांच्या जागी आलेले स्वस्त पर्याय होत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. तथापि निर्भेळ मद्याचे अतिसेवनही शरीरास व संसारास घातकच ठरते.

सद्यःस्थिती : २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांवरील वननिवासींचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. गोव्यातील काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. त्या तुलनेने उत्तर कोकणातील मद्ये उपेक्षित आहेत. वाड्यांच्या जागी घरे उठत आहेत आणि माडावर चढणारे हात कमी होत आहेत. हे कौशल्य लिखित स्वरूपात फारसे नसल्याने ते जाणणाऱ्या पिढीबरोबरच लुप्त होण्याचा संभव आहे. [⟶ ताड; नारळ; नीरा; मद्य; मोह].